छायापर्णीची वाटणी

एका राज्यात माणसं बोलण्याआधी मागं वळून पाहत. बाजारात भाजी घेताना पाहत, देवळात हात जोडताना पाहत, आणि नवरा-बायको जेवायला बसले तरी आधी दाराला कडी लावून घेत. कारण त्या राज्याच्या राजाच्या बागेत छायापर्णी होती, आणि ती राजाला नावं सांगत असे.

छायापर्णी म्हणजे काही उंच झाड नव्हे. ती जमिनीलगत पसरे. सुपाएवढी रुंद पानं, निळसर हिरवी, खोल शिरांची, कडेला पांढरी किनार. सावली आणि ओल मिळाली की ती सुखात असे. उन्हाचं तिला वावडं. राजाच्या पणजोबांनी महालामागच्या भिंतीशी तिचा एक कोंब लावला होता. त्याचा वाढत वाढत गाडीच्या दोन चाकांएवढा गड्डा झाला. तिचं पानही बागेबाहेर जाऊ नये, असा पणजोबांचा हुकूम होता आणि तो कोणी मोडला नव्हता.

राजाचं नाव मणिध्वज. रोज पहाटे तो छायापर्णीपाशी जाई, गुडघे टेकी, कान लावी. एखाद्या पहाटे गड्ड्याच्या मधून घोगरा आवाज येई. आवाज एकच नाव घेई आणि म्हणे, “याच्यापासून सावध.” ज्याचं नाव येई तो माणूस संध्याकाळपर्यंत नाहीसा होई. ताटात अर्धी भाकरी, खुंटीवर पागोटं, आणि माणूस नाही. राजा म्हणे, मनात पाप होतं म्हणून पळाला. अशी एकवीस माणसं गेली.

तीन वर्षांपूर्वी उग्रनाथ नावाचा मांत्रिक राज्यात आला, त्याच वर्षी छायापर्णी बोलू लागली. हे त्याच्या तपाचं फळ, असं राजा मानी. उग्रनाथाचं बारा वर्षांचं मौनव्रत होतं. जे सांगायचं ते तो धूळपाटीवर बोटानं लिही. राजाची मुद्रा आता त्याच्याच कमरेला असे.

नाहीशा झालेल्या एकवीस जणांत बागेचा माळी गोमाजी होता. त्याच्या जागी राजानं त्याचीच बायको आवडा हिला नेमलं. लोक म्हणाले, राजाला दया आली. आवडाला तसं वाटलं नाही. आपल्यावर नजर ठेवता यावी म्हणून आपल्याला इथं आणलंय, हे ती पहिल्याच दिवशी ओळखून होती. ती मान खाली घालून माती भुसभुशीत करी, वाळका पाला अंथरी, आणि कोणाशी चार शब्दांच्या वर बोलत नसे.

वर्ष सरलं आणि छायापर्णीला तीन रोग लागले. पानांना भोकं पडली. कडा करपून तपकिरी पडल्या. आणि गड्ड्याचा मधला भाग बोडका होऊन कुजू लागला. राजानं आवडाला बोलावलं. शेजारी उग्रनाथ धूळपाटी घेऊन बसला होता.

राजा म्हणाला, “कोणी विष घातलं?”

“मी नाही घातलं, महाराज.”

“मग तीन कामं कर. पानं कोण खातो त्याला पकड. करप थांबव. मधली कूज थांबव. जमलं तर तुझा नवरा कुठं पळाला याचा शोध मी घेईन. नाही जमलं तर पुढचं नाव तुझं असेल.”

उग्रनाथानं मान हलवली. आवडानं त्याच्याकडं पाहिलं आणि तिला वाटलं, हा माणूस न बोलता फार बोलतोय.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच ती पानाखाली वाकून बसली. दव होतं, ओल होती. गोगलगायी निघाल्या. चिकट चंदेरी रेघा ओढत त्या पानांवर चढल्या आणि खाऊ लागल्या. आवडानं एकेक उचलून मडक्यात टाकली. भिंतीवर एक साळुंकी बसली होती. गोमाजी गेला त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून ती बागेत येत असे, म्हणून आवडाला तिचाही संशय होता. साळुंकी म्हणाली, “किती झाल्या?”

“एकवीस.”

“घाई करू नकोस.” एवढंच बोलून ती उडून गेली.

पक्षी बोलतो याचं तिला नवल नव्हतं. त्या राज्यात बोलत. पण हा कोणाच्या बाजूनं बोलतो ते कळेना. तिनं मडकं राजापुढं नेलं. राजा छायापर्णीपाशी गेला, ऐकून आला आणि मिठाची पुरचुंडी तिच्या हाती देत म्हणाला, “आवाज म्हणतो, यांच्यावर मीठ घाल. आत्ताच.”

मीठ पडलं की गोगलगाय विरघळून जाते, हे आवडाला ठाऊक होतं. पण साळुंकीचं बोलणं तिला आठवलं, आणि आवाजाला एवढी घाई का, हा किडा तिच्या मनात वळवळला. ती म्हणाली, “महाराज, मीठ मुळाशी गेलं तर छायापर्णी मरेल. घरी नेऊन घालते.” बोलणं खरंच होतं, राजाला पटलं. घरी आल्यावर तिनं मडक्यात ओली पानं अंथरली, तोंडाला फडकं बांधलं, आणि पुरचुंडी पदराच्या गाठीत तशीच ठेवली. एक काम झालं.

करप कशानं आली ते तिला माहीत होतं. भिंतीशी जुना आंबा होता. चैत्रात आवाजानं राजाला सांगितलं की या झाडावरून कोणी चढून येईल, आणि राजानं आंबा तोडवला. तेव्हापासून दुपारचं ऊन थेट छायापर्णीवर पडे. नवा आंबा वाढायला दहा वर्षं लागली असती. आवडा लाकडाच्या वखारीत गेली. आंब्याचे ओंडके रचून ठेवले होते आणि त्यांच्या तळाशी आंब्याची सावली घडी घालून ठेवल्यासारखी पडली होती.

आवडा म्हणाली, “माझ्याबरोबर बागेत चल.”

सावली म्हणाली, “चलेन. पण आधी जे कोणाला सांगितलं नाहीस ते सांग.”

मग तिनं सांगितलं. गोमाजी जायच्या आधी वर्षभर, दिवेलागणीला तो गोठ्यामागं जाई आणि विचारलं तर उत्तर देत नसे. त्याचं बाहेर कोणावर तरी मन गेलंय, असं तिला वाटे. तो नाहीसा झाला तेव्हा लोकांपुढं ती रडली, पण मनात म्हणाली, गेला तिच्याकडं. आणि हे मनात आल्याची तिला अजून लाज वाटत होती.

सावली म्हणाली, “मी तेव्हा बागेवर होते. त्यानं एका पहाटे छायापर्णीचा एक कोंब मुळांसकट कापला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि पागोट्यात लपवून घरी नेला. तुझ्या गोठ्यामागं बघ.”

आवडानं सावली चुंबळीवर घेतली. ती ओल्या घोंगडीएवढी जड होती. बागेत आणून भिंतीपासून पसरली, कडा नीट ओढून घेतल्या, आणि छायापर्णी गारव्यात आली. दोन कामं झाली.

मग ती घरी पळाली. गोठ्यामागं, मोरीचं पाणी झिरपतं तिथं, मोडक्या कुडाच्या आडोशाला छायापर्णी उभी होती. एका कोंबाचे नऊ झाले होते. पानाला भोक नाही, करप नाही, मधे कूज नाही. आवडा तिथंच मातीत बसली. नवऱ्यानं हे आपल्यापासून का लपवलं ते तिला आता कळलं. तिला ठाऊक असतं तर तिचंही नाव आलं असतं. तिनं एक पान हातात घेतलं आणि पुष्कळ वेळ सोडलं नाही.

पण पुढचं भय आता सुरू झालं. कूज थांबवायचा उपाय एकच होता. गड्डा जुना झाला की मधे मरतो. तो उपटावा, फोडावा, आणि प्रत्येक तुकड्याला वेगळी जागा द्यावी. पणजोबांचा हुकूम मोडल्याशिवाय ते होणार नव्हतं. आणि तुकडा जगतो याचा पुरावा मागितला, तर तो पुरावाच नवऱ्याची चोरी ठरणार होता.

तिनं राजाला जाऊन उपाय सांगितला. राजाचा चेहरा काळवंडला. उग्रनाथानं भराभर लिहिलं: गड्ड्याला लोखंड लावील तो तिथंच मरेल, कापलेला तुकडा वाळून जाईल, आणि राज्य बुडेल.

राजा म्हणाला, “काय म्हणणं आहे?”

आवडा म्हणाली, “मरायचं तर मी मरेन, महाराज. तुकडा वाळत नाही हे मला ठाऊक आहे. माझ्या घरी एक आहे. माझ्या नवऱ्यानं नेला होता.”

राजानं तिच्याकडं पाहिलं. त्याला दरबारात रोज शंभर गोष्टी सांगितल्या जात, पण स्वतःचं नुकसान होईल अशी गोष्ट गेल्या तीन वर्षांत कोणी सांगितली नव्हती. संशय त्याच्या डोळ्यांतून गेला नाही, पण तो उठला. म्हणाला, “माझ्यासमोर कर.”

आवडानं त्या दिवशी माती भिजवली आणि रात्रभर मुरू दिली. सकाळी राजा आला, मांत्रिक आला, शिपाई आले. साळुंकी भिंतीवर होती. आवडानं आधी जुनी पानं कापून टाकली. मग गड्ड्याभोवती हातभर अंतर सोडून गोल खणलं, पहार खाली घातली आणि अंगातलं सगळं बळ लावून गड्डा उचलला. मुळं करकरली. गड्डा आडवा झाला. तिनं मुळांवरची माती पाण्यानं धुतली आणि कुजलेल्या मधोमध तिच्या बोटांना धातू लागला.

तांब्याची डबी होती. हिरवी पडलेली. उग्रनाथ दोन पावलं पुढं आला, तेव्हा आवडानं घाईनं झाकण काढलं. आत माणसाची जीभ होती, ओली, तांबडी, जिवंत.

जीभ हलली. “आ,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “व.”

तिसरं अक्षर उच्चारलं की आपण संपलो, हे आवडाला उमगलं. तिनं डबी मुळांपासून लांब फरशीवर फेकली, दातांनी पदराची गाठ सोडली आणि पुरचुंडीतलं मीठ जिभेवर ओतलं. जीभ आक्रसली, चुरचुरली आणि वाळल्या शेंगेसारखी काळी होऊन पडली.

राजा हळूच उग्रनाथाकडं वळला. “तोंड उघड,” तो म्हणाला. मांत्रिकानं दात आवळून धरले. शिपायांनी जबडा उघडला. आत काही नव्हतं.

त्याच वेळी आवडाच्या घरी मडकं फुटलं. अंगणात एकवीस माणसं उभी राहिली. कोणाच्या डोक्यावर पागोटं नव्हतं, कोणाच्या तोंडात अर्धा घास होता. ज्याचं नाव जीभ घेई तो गोगलगाय होऊन बागेत पडे. नाव घेतल्यानंच त्यांचं रूप पालटलं होतं, जीभ मरताच ते परत आलं; तोवर रागानं ती छायापर्णी खात होती. ती माणसं सरळ महालाकडं आली. राजानं एकेकाचा चेहरा पाहिला. हे पळाले नव्हते. त्यानं आपल्या हातानं आवडाला मीठ दिलं होतं, हे त्याला आठवलं, आणि तो खणलेल्या खड्ड्याच्या काठावर बसला.

गोमाजी मागून येत होता. बायकोचे मातीनं भरलेले हात त्यानं पाहिले, मग आडवा पडलेला गड्डा पाहिला.

“मधे कुजलं होतं ना?”

“हो. मला सांगायचं होतंत.”

“तुझं नाव आलं असतं.”

“मी तुमच्याबद्दल वाईट मनात आणलं,” आवडा म्हणाली.

“गोठ्यामागं जात होतो म्हणून? मी असतो तर मीही आणलं असतं.” मग तो तिच्याजवळ वाकला आणि दोघांनी मिळून गड्डा धरला.

उग्रनाथाच्या कमरेची मुद्रा राजानं काढून घेतली. शिपाई त्याला सीमेपलीकडं सोडून आले. मंत्र म्हणायला जीभ नव्हती आणि धूळपाटी त्याला कोणी दिली नाही.

आवडानं कोयता राखेनं घासून स्वच्छ केला. मुळं जिथं आपसूक वेगळी होत होती तिथंच तिनं गड्डा फोडला. प्रत्येक तुकड्याला तीन कोंब आणि स्वतःची मुळं. कुजलेलं सगळं काढून टाकलं, कापल्या जागी राख लावली. बावीस तुकडे झाले. पणजोबांचा हुकूम राजानं तिथंच रद्द केला आणि एकवीस घरी एकवीस तुकडे गेले.

बाविसावा आवडानं राजाच्या हातात ठेवला. “हा तुम्ही लावायचा,” ती म्हणाली. राजानं आयुष्यात काही लावलं नव्हतं. आधी जेवढा खोल होता तेवढाच खोल ठेवायचा, माती दाबायची, पाणी घालायचं, हे तिनं त्याला सांगितलं आणि त्यानं तसंच केलं.

चौथ्या दिवशी आवडा बागेत आली तर राजा हातात खुरपं घेऊन बसला होता.

“मूळ धरलं की नाही ते बघतो,” तो म्हणाला.

“उकरून बघितलं तर धरलेलं मूळ तुटेल, महाराज.”

“मग मला कळायचं कसं?”

“कळत नाही. पाणी घालायचं आणि थांबायचं.”

राजा जमिनीकडं पाहत राहिला. वर काही नव्हतं, नुसती ओली माती होती. आतमध्ये जगतंय की सडतंय, कोण जाणे. त्याची बोटं खुरप्यावर आवळली, सैल झाली, पुन्हा आवळली. शेवटी त्यानं खुरपं आवडाकडं दिलं. त्या दिवसापासून तो रोज पहाटे येई, झारीनं पाणी घाली आणि मातीला हात न लावता दरबारात जाई.

अठराव्या पहाटे मातीला चीर गेली होती. चिरेतून विड्याच्या सुरळीसारखा घट्ट गुंडाळलेला एक कोंब वर आला होता, निळसर हिरवा, कडेला पांढरी रेघ.