शेलारपाड्याची बारावी चिंच

स्टेशनकडून सरळ आलेला हा रस्ता इथं डावीकडे वळसा घेतो, चिंचेला वाट देतो आणि पुन्हा सरळ होतो. बुंध्यावर हात फिरवून बघा. गुडघ्याच्या उंचीवर करवतीची खाच लागेल, दोन बोटं खोल.

चाळीसेक वर्षांपूर्वी, शेलारपाडा नुकता नगरपालिकेत आला तेव्हा, या रस्त्याला अशा बारा चिंचा होत्या, असं सांगतात. कायद्यानं झाड तोडण्याआधी त्यावर नोटीस लावावी लागे. सात दिवसांत कोणी लेखी हरकत घेतली, तर सुनावणीपर्यंत झाडाला हात लावता येत नसे. रस्तारुंदीच्या नोटिसा लागल्या. कोणी वाचल्याच नाहीत. आठव्या दिवशी अकरा चिंचा आडव्या झाल्या. बाराव्या झाडाची नोटीस चार दिवस उशिरा लागली होती, म्हणून ते उरलं.

त्याखाली सोनूबाई तरे भाजी विकायची. तिला अक्षर येत नव्हतं. एका दुपारी पुडीला कागद संपले, तेव्हा झाडाला खिळ्यानं ठोकलेला कागद तिनं काढला आणि त्यात मिरच्या बांधून दिल्या. गिऱ्हाईक होते एस.टी.चे कंडक्टर लक्ष्मण भोपी. घरी पुडी सोडली आणि ते तसेच अनवाणी परत आले, म्हणे.

“सोनूबाई, हा कागद कुठला?”

“झाडावरचा. का, दादा?”

“झाड पाडायची नोटीस आहे ही. हरकतीची मुदत आज पाचला संपते.”

तेव्हा साडेतीन झाले होते. भोपींनी तिथंच अर्ज लिहिला. चहावाल्याच्या किटलीची काजळी लावून सोनूबाईनं अंगठा उठवला. अर्ज खिशात घालून भोपी सायकलवर कचेरीकडे निघाले. कचेरी तीन मैलांवर.

चारच्या सुमारास ठेकेदार माणसं घेऊन आला.

“बाई, पाटी उचला. आज मुदत संपतेच आहे, तासाभरानं काय बिघडतं?”

सोनूबाई बुंध्याला पाठ लावून बसली. “तो तास अजून झाडाचा हाय,” ती म्हणाली.

ठेकेदार समोर बसून घड्याळ बघत राहिला. तिच्याकडे घड्याळ नव्हतं. सायकलची घंटी वाजली की ती मान वर करायची; दरवेळी कोणी दुसराच असायचा. मग कारखान्याचा पाचचा भोंगा झाला. ठेकेदाराच्या दोघा माणसांनी तिला दंडाला धरून बाजूला केलं आणि करवत लागली. भुसा तिच्या भाजीवर पडू लागला. कागद आपणच काढला, एवढंच तिच्या मनात होतं.

वळणावर भोपी दिसले. पंक्चर झालेली सायकल ढकलत ते धावत होते. अर्जाच्या प्रतीवर कचेरीचा शिक्का होता, वेळ चार चाळीस. ठेकेदारानं ती दोनदा वाचली, मग हात वर केला. करवत थांबली.

पुढे सुनावणी झाली आणि रस्ता वळला. पण सोनूबाईला चैन पडेना. एके दिवशी ती भोपींना अकरा बुंध्यांपाशी घेऊन गेली. “ह्यांची पण वाचा,” म्हणाली. भोपींनी तीच नोटीस अकरा वेळा मोठ्यानं वाचली. प्रत्येक वेळी ती पदर सावरून शेवटपर्यंत उभी राहिली.

आजही शेलारपाड्यात झाडाला नोटीस लागली की त्याच संध्याकाळी माणसं झाडाखाली जमतात. एकजण ती खड्या आवाजात वाचतो, मुदतीची तारीख दोनदा. काही झाडं तरीही जातात. पण न वाचता त्यानंतर एकही गेलेलं नाही.