कात्रीच्या पानावरचा राखण्या

माणसाला दही लावायचं सुचलं त्याच्याही कितीतरी आधी, एका वासराच्या पोटात टिकली नावाची जिवाणूबाई राहायची. तिच्या अंगात सगळ्या कामांची पोथी होती. दुधातली साखर कापायची कात्री कशी घडवायची, हे त्यातल्या एका पानावर लिहिलं होतं. पण त्या पानावर राखण्या नावाचा गडी ठाण मांडून बसलेला असे, त्यामुळे ते वाचताच येत नसे.

टिकली रोज डाफरे, "अरे ऐतखाऊ, ऊठ की! शेजारची जिवाणूबाई बघ, तिच्या पानावर कुणी बसत नाही, दिवसभर कात्र्या घडवते."

"साधी साखर आयती मिळतेय तोवर कात्री कशाला, बाई?" राखण्या म्हणे.

एके दिवशी आयती साखर संपली. वासरू गाईला प्यायलं आणि खाली आली ती फक्त दुधाची साखर. शेजारणीकडे कात्र्यांचा ढीग होता, पण घडवून घडवून तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. भुकेनं टिकलीचाही जीव कासावीस झाला. तेवढ्यात दुधाच्या साखरेचा एक कण आत शिरला आणि राखण्याच्या खांद्याला टेकला. राखण्या ताडकन उठला आणि पान मोकळं झालं. भराभर कात्र्या घडल्या, टिकली पोटभर जेवली.

दुधाची साखर संपली, तसा तो न सांगता पुन्हा पानावर जाऊन बसला.

"तुझा गडी नुसता बसूनच असतो का गं?" आता कुणी विचारलं, की टिकली म्हणते, "हळू बोल. तो कामात आहे."