उसवलेले टाके

फार फार वर्षांपूर्वी, गावांना नावं पडायच्या आधी म्हणा हवं तर, एका डोंगराच्या पायथ्याशी भिवरा नावाची बाई गोधड्या शिवायची. तिचा टाका बारीक आणि सरळ. तिची नऊ वर्षांची लेक सगुणाही सुई हातात आली की जेवणखाण विसरायची. टाके मात्र लांबलचक, वाट चुकलेले.

एकदा पाटलीणबाईंनी आपल्या सासूची जुनी, मऊसूत लुगडी आणून दिली. नातवाच्या बारशाला गोधडी हवी होती. मायलेकी समोरासमोर बसून शिवू लागल्या. सगुणा पाण्याला गेली, की भिवरा तिचे टाके हळूच उसवायची आणि स्वतःचे घालायची. लेकीला बोलून दुखवायचं नाही, एवढाच तिचा हेतू.

"आई, माझे टाके कुठं गेले गं?"

"तिथंच आहेत की."

पण पोर काही आंधळी नव्हती. तीनदा असं झाल्यावर तिनं सुई रिळात खोचली. "तुझी गोधडी तूच शीव. मला नाही शिवायचं आता कधीच," म्हणाली आणि परसात जाऊन बसली.

भिवराला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर जरा हायसंही वाटलं. आता काम झरझर होईल, असं म्हणत तिनं गोधडी झटकली, आणि ती टरकन फाटली. जिथं जिथं सगुणाचे टाके उसवले होते, नेमकी तिथंच. जुनं कापड एकदा सुई सोसतं. पुन्हा पुन्हा टोचलं, की विरतं. आयुष्यभर गोधड्या शिवणारी बाई एवढी साधी गोष्ट विसरली होती.

बारसं परवावर आलेलं. पण भिवराला रडू आलं ते लेकीसाठी. ती परसात गेली.

"तुझे टाके मी उसवले, सगुणा. वर खोटंही बोलले."

"वाकडे होते म्हणून?"

"वाकडे होते. माझेही तुझ्या वयात तसलेच होते. माझ्या आईनं राहू दिले, म्हणून मी शिकले."

सगुणा उठली, आपल्या तोकड्या झालेल्या परकराचा तुकडा कापून आणला आणि फाटल्या जागी ठिगळ लावायला बसली. भिवरानं कापड ताणून धरलं. हात शिवशिवत होते तिचे, पण सुईला लावले नाहीत.

बारशाला पाटलीणबाईंनी गोधडीवरून हात फिरवला. "भिवरा, इथले टाके मोठे दिसतात गं."

"माझ्या लेकीचे आहेत. तसेच राहू द्या," भिवरा म्हणाली.

सगुणानं मान वर केली नाही, पण घरी आल्यावर आईच्या आधी तीच सुईत दोरा ओवून बसली. पुढं तिचा टाका हळूहळू सरळ झाला, कुणी न उसवता.

तात्पर्य: शिकणाऱ्याची चूक त्याच्या माघारी गुपचूप पुसली, तर चुकीबरोबर त्याची शिकायची हौसही पुसली जाते.