समोरची घोंगडी

“पण बुवा, माफी मागू तरी कुणाची? माणूसच राहिला नाही!”

आमदार विश्वंभर देवकाते हे बोलले ते जवळजवळ ओरडूनच. भर दुपारची वेळ. मठाच्या ओसरीवर हिरागीरबुवा भिंतीला टेकून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते आणि मी पलीकडे ताक घुसळत होतो. गाडी, ड्रायव्हर, बंदूकवाला शिपाई, सगळा लवाजमा आमदारांनी वेशीवर ठेवला होता. एरवी चार माणसं पुढे आणि चार मागे असल्याशिवाय न हिंडणारा गडी एकटा, उन्हातून पायी आला, तेव्हाच मी म्हटलं, काहीतरी बिनसलंय.

“कोण राहिला नाही?” बुवांनी विचारलं.

“भुजंगराव टेंभुर्णे. शेजारच्या तालुक्याचे आमदार. विरोधी बाकांवरचे.”

“मग?”

“मग काय… मी त्यांची नक्कल केली होती. सभागृहात.”

बुवांनी एक दाणा तोंडात टाकला आणि चावत राहिले. त्यांची ही सवय भल्याभल्यांना जड जाते. समोरच्याला वाटतं, आता हे काही बोलतील, आणि ते काही बोलत नाहीत. मग आपलंच तोंड सुटतं.

देवकात्यांचंही सुटलं.

भुजंगराव म्हातारे. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला, उजवा हात लुळा, जीभ जड. देवकाते पहिल्यांदाच निवडून आलेले, वकिली शिकलेले, तोंडाचा पट्टा असा की समोरचा गारद. त्यांनी सभागृहात मागणी केली, सरकारी दवाखाना आमच्या कोळेगावला द्या. तोच दवाखाना आपल्या तालुक्याला मिळावा म्हणून भुजंगराव कित्येक वर्षं भांडत होते. देवकाते खाली बसले आणि भुजंगराव उठले.

“अध्यक्ष महाराज… माझं म्हणणं एवढंच की…”

तिथे जीभ अडखळली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडखळली. तेवढ्यात देवकात्यांनी बसल्या जागेवरून तोंड वाकडं केलं आणि तेच शब्द, तसेच ओढत, म्हणून दाखवले.

सभागृह हसलं. बाकं वाजली. म्हातारा खाली बसला, त्याने पुढचं वाक्य काही पुरं केलं नाही. अधिवेशन संपायच्या आत तो वारला.

ऐकून माझ्या हातातली रवी थांबली. खरं सांगतो, मडक्यातलं ताक त्या माणसाच्या तोंडावर फेकावं असं मला वाटलं. बुवा होते म्हणून गप्प राहिलो.

“पण पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं, बुवा! अध्यक्षांनी माझे शब्द कामकाजातून काढून टाकले. मी दिलगिरी व्यक्त केली. शोकप्रस्तावाला उभा राहिलो. विषय तिथे संपला.”

“काढून टाकले?”

“हो. आता कुठेही एक अक्षर सापडायचं नाही.”

“काढून ठेवले कुठे?”

 देवकात्यांनी हळूच आपल्या गळ्याला हात लावला.

“इथे…”

त्यांचा आवाज एकदम उतरला. बाहेर कुठेही बोलतो, म्हणाले. जाहीर सभेत, लग्नात, कचेरीत, काही अडचण येत नाही. सभागृहात उभा राहिलो की माझा आवाज जातो आणि त्यांचा येतो. ‘अध्यक्ष महाराज… माझं म्हणणं एवढंच की…’ बस, तिथे जीभ बसते. कितीही जोर लावला तरी पुढे सरकत नाही.

“आणि लोकांना वाटतं, मी मेलेल्या माणसाची अजून नक्कल करतोय! माझ्याच पक्षाची माणसं तोंड फिरवतात, बुवा. बायको बोलत नाही.”

“मग बोलू नकोस सभागृहात. गप्प बसणारे काय कमी आहेत?”

“सोमवारी दवाखान्यावरची शेवटची चर्चा आहे. मी उभा राहिलो नाही तर तो तिसऱ्याच तालुक्यात जाईल. आमच्याकडे बाई अडली की ट्रॅक्टरवर घालून न्यावी लागते. माझी चुलतबहीण वाटेतच गेली… पोटातल्या पोरासकट.”

हे सांगताना आमदाराचा तोरा कुठल्या कुठे गेला होता. मघाशी ज्याच्यावर ताक फेकावंसं वाटलं, त्याच्यापुढे आता मीच ताकाचा पेला भरून ठेवला. माणसाचं मनही काय एकेक असतं!

बुवांनी टरफलं बाजूला सारली.

“गोरखा, घोंगड्या आण.”

 जिवंत माणसांसाठी मी त्या घोंगड्या किती वेळा अंथरल्या असतील. पण इथे दुसरा माणूस होता कुठे?

आमच्या मठाची रीत सांगतो. भांडण घेऊन दोघे आले की समोरासमोर दोन घोंगड्या टाकायच्या. याने त्याच्या जागी बसायचं, त्याने याच्या. मग याने त्याची बाजू मांडायची, अशी की तो म्हणेल, ‘हो, माझं हेच म्हणणं आहे.’ ते झालं की त्याने याची मांडायची. तोवर स्वतःचं एक अक्षर बोलायचं नाही. सोपं वाटतं ना? करून बघा. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून डोकी फोडून घेतलेले दोन भाऊ आले होते. थोरल्याला धाकट्याची बाजू दिवस मावळेपर्यंत सांगता येईना. शेवटी तो रडायला लागला.

मी घोंगड्या अंथरल्या.

“ही भिंतीकडची भुजंगरावांची,” बुवा देवकात्यांना म्हणाले. “समोरची तुझी. तू त्यांच्या जागी बस.”

“आणि माझ्या जागी?”

“तू बस तर.”

देवकाते बसले. घसा खाकरला. तोंड उघडलं आणि ते आपोआप एका बाजूला वाकडं झालं.

“अध्यक्ष महाराज… माझं म्हणणं एवढंच की…”

 ही नक्कल नव्हती. नक्कल करणाऱ्याचे डोळे असे भ्यालेले नसतात.

“पुढे,” बुवा म्हणाले.

“पुढचं मला माहीत नाही.”

“तू होतास ना तिथे?”

“होतो.”

“मग?”

“ते उठले तेव्हाच मी ठरवलं की हे विरोध करणार. समोरच्या बाकावरून उठलेला माणूस दुसरं काय करणार, बुवा? ते बोलायच्या आधीच मी मनात उत्तर जुळवत होतो. मी… मी ऐकतच नव्हतो.”

“बरं. आता सांग, काय म्हणणार होते?”

“दवाखाना आमच्याच तालुक्याला द्या, असं.”

बुवांनी समोरच्या रिकाम्या घोंगडीकडे पाहिलं. कान दिला.

“नाही म्हणतायत.”

अंगणातल्या लिंबाचं पान हलत नव्हतं. कोंबड्यासुद्धा कुठे गेल्या होत्या कोण जाणे.

“दोन्ही तालुक्यांना द्या.”

“नाही.”

“या पोराला बोलायची अक्कल नाही, याला खाली बसवा.”

या वेळी बुवांनी तिकडे पाहिलंही नाही.

देवकाते भडकले. शेवटी वकीलच तो! “काय चाललंय हे? रिकाम्या घोंगडीला विचारून कुठे न्याय होतो का?” असं म्हणत ते उठायला गेले. उजवा हात जमिनीला टेकायला म्हणून हलवू लागले, पण तो हलला नाही. मांडीवर तसाच पडून राहिला.

“बुवा… माझा हात… अहो, माझा हात!”

“बस. तिथून काय दिसतंय, ते सांग.”

“माझी जागा दिसतेय.”

“आणखी?”

 देवकात्यांचे ओठ पांढरे पडले होते.

“मी दिसतोय… तिथे बसलोय… हसतोय.”

मी पाहिलं तर तिथे घोंगडी होती, बाकी काही नव्हतं. पण दुसऱ्यांदा पाहायची माझी छाती झाली नाही.

मग देवकात्यांचा डावा हात सावकाश वर आला. कुणी धरून उचलावा तसा. समोरच्या घोंगडीच्या दिशेने पुढे गेला आणि थांबला. देवकाते त्या हाताकडे डोळे फाडून बघत होते.

“त्यांनी असाच हात केला होता, बुवा. मला वाटलं, बोट रोखतायत माझ्यावर. पण बोट नाही हे…”

तळवा उघडा होता, वर वळलेला. पंगतीत शेजाऱ्याकडे दाखवून ‘आधी यांना वाढा’ म्हणताना होतो तसा.

देवकात्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तोंड तसंच वाकडं, जीभ तशीच जड. पण या वेळी ती थांबली नाही.

“अध्यक्ष महाराज… माझं म्हणणं एवढंच की… दवाखाना या पोराला द्या. त्याच्याकडच्या बायका… आमच्यापेक्षा लांबून येतात. आम्ही इतकी वर्षं थांबलो… आणखी थोडं थांबू.”



“…हो… हेच.”

हा शब्द देवकाते बोलले नाहीत. बुवा बोलले नाहीत. मी तर नाहीच नाही. जड जिभेचा, ओढलेला, समोरच्या घोंगडीवरून आला. ज्याला खोटं वाटायचं त्याने खुशाल वाटून घ्यावं, मी माझ्या कानांनी ऐकलाय. घोंगडी मधोमध दबलेली होती, तेही पाहिलंय.

देवकात्यांचा उजवा हात सुटला. तोंड सरळ झालं. त्यांनी बोटं उघडून पाहिली, मिटून पाहिली, आणि लहान पोरासारखे हसत, रडत बुवांच्या पायांवर पडले.

“सुटलो, बुवा! सोमवारी मी बोलणार. त्यांचं नाव घेऊन बोलणार, सगळ्यांसमोर सांगणार!”

डोळे पुसत ते उठले आणि चपला घालायला पायरीकडे वळले. बुवांनी त्यांचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढी ताकद असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

“कुठे निघालास?”

“झालं ना, बुवा? ‘हो’ म्हणाले ना ते?”

बुवांची नजर समोरच्या घोंगडीवर होती. कुणी बोलत असताना आपण मान जरा कलती करून ऐकतो, तशी त्यांची मान कलली होती.

“तुझं झालं,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “बस खाली. आता तुझी बाजू ते मांडतायत.”