भिवाच्या ताटातले सोयाबीन

एकदा एका वृद्ध वैद्यांनी आपल्या दोन शिष्यांना सांगितले, "यंदा वनस्पती शोधायला डोंगरात जाताना मी एकालाच बरोबर नेईन." मुळे आणि पाला ओळखण्याची त्यांची विद्या डोंगर तुडवतानाच शिकायला मिळे. त्यामुळे दोघेही आस लावून बसले.

थोरला अनंता किडकिडीत, पण पाठांतरात पक्का. धाकटा भिवा आडदांड. पहाटेपासून लाकडे फोडी, विहिरीचे पाणी ओढी. जेवायला बसले की वैद्य भिवाच्या ताटात सोयाबीनची उसळ वाढत आणि अनंताच्या ताटात मुगाचे पातळ वरण. रोज हेच. अनंताच्या घशाखाली घास उतरेना. 'श्लोक मी म्हणायचे आणि ताकदीचं अन्न याला! डोंगरात कोण जाणार ते ठरलेलंच दिसतंय.' भिवा मचमच आवाज करत जेवी, त्याचाही अनंताला संताप येऊ लागला. वास्तविक तो आवाज पहिल्यापासूनच होता.

शेवटी अनंताने बाजारातून सोयाबीनचे पीठ आणले आणि दोन्ही वेळा दुधात कालवून गुपचूप पिऊ लागला. पोट नगाऱ्यासारखे फुगले, आंबट ढेकर सुरू झाले, झोप उडाली. निघायच्या दिवशी त्याला अंथरुणातून उठवेना.

वैद्य आले. त्यांनी त्याची नाडी पाहिली नाही. त्याचाच डावा हात उचलून त्याच्या उजव्या मनगटावर ठेवला.

"रोगी तपास," ते म्हणाले.

अनंता गोंधळला, पण त्याने बोटे टेकवली. "वात खवळलाय, गुरुजी. अग्नी मंद आहे."

"अशाला सोयाबीन देशील?"

"छे! जड पडेल. मुगाचं पातळ वरण..." आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाळा, सोयाबीन वाईट नाही, पण पचायला जड," वैद्य म्हणाले. "भिवासाठी ते रात्रभर भिजतं, आलं-हिंग घालून शिजतं, वर तूप पडतं. आणि तो घाम गाळून, भुकेजून पानावर बसतो. तुझा अग्नी नाजूक, म्हणून तुला मूग. दोघांना सारखंच वाढणं मला सोपं होतं. पण तू मूगही धड खाल्ला नाहीस, शेजारच्या ताटाकडेच पाहत राहिलास. मत्सराने जेवणाऱ्याचं अन्न पचत नाही, हे तुला पाठ आहे ना?"

"पाठ आहे," अनंता म्हणाला. "गुरुजी, मला भिवाचा फार हेवा वाटतो. आत्तासुद्धा वाटतोय."

बाहेर भिवा पिशव्या बांधत होता.

"मग या रोग्याला काय देशील?"

अनंताने मनगटावरची बोटे उचलली. "आज लंघन. पोटाला, आणि हेव्यालाही. तुम्ही भिवाला घेऊन निघा."

वैद्य भिवाला घेऊन गेले. अनंताला वाईट वाटले, रडूही आले. संध्याकाळी मात्र, कित्येक दिवसांनी, त्याला खरी भूक लागली.