वाघदेवाचं बिऱ्हाड

वाघांसाठी जंगल मोकळं करायचं, म्हणून अख्खं गाव उठवलं. ओस घरांत एकटी सुगरती आजी उरली. वेशीवरच्या वाघदेवाच्या दगडापुढे रोज दिवा लावायचा मान तिच्या घराचा होता.

तिला हलवायला शहरातून बडे साहेब आले. “आजी, माणूस असतो तिथे वाघ टिकत नाही. शास्त्र आहे ते! हवं तर तुमचा देवही न्या नव्या वसाहतीत.”

“नेते की! पण साहेब, आमच्या पिढ्या इथे राहिल्या अन् वाघही इथेच राहिला. तुमच्या शहरात कुठंय तो? उद्या आमच्या मागोमाग वसाहतीत आला, तर आम्हाला पुन्हा उठवाल?”

साहेब जीपमध्ये बसले.

जीपचा आवाज विरला. आजीने दिवा लावला. बोलायला पुन्हा तो दगडच उरला होता.