अध्यक्षबाई गैरहजर

मी संघटना बळकट करणारा तज्ज्ञ. निदान माझ्या ओळखपत्रावर तसं छापलेलं होतं. धारूरच्या डोंगरातल्या एका गावात आईबाप ऊसतोडीला गेले, की मागे राहिलेली एकतीस मुलं बायकांचा एक गट सांभाळायचा. मी गटाला नापास केलं असतं, तर आमच्या संस्थेकडून येणारा शिधा थांबला असता आणि मुलांना शाळा सोडून फडावर जावं लागलं असतं. अशा बायकांना मी संघटना म्हणजे काय, ते शिकवायला गेलो होतो.

तासभर बोलून झाल्यावर मी हजेरी घेतली. अध्यक्ष कौसाबाई आल्याच नव्हत्या.

"अध्यक्षच गैरहजर! ही कसली संघटना?" मी कागदावर ठसठशीत शून्य मांडलं.

गटातल्या सगुणाबाई उठल्या. "सायेब, तुमच्या हापिसात माणसं किती?"

"चाळीस," मी ऐटीत सांगितलं.

"त्यातलं आज कोण जेवलं न्हाई, सांगा बरं."

मला हसू आलं. "ते मला कसं ठाऊक असणार?"

"आमच्या एकतिसातली रुक्मी जेवली न्हाई. आईच्या आठवणीनं रुसून बसलीया. कौसाबाई तिच्यापाशीच हाय. आन् तुमच्या चाळिसातले तुम्ही जेवला न्हाई. मघापासून तीनदा तांब्या रिकामा केलात."

बायका खळखळून हसल्या. मी निमूट दोन भाकरी खाल्ल्या, शून्य खोडलं आणि गटाला पास केलं. कागदाच्या शेवटी एक रकाना होता : 'प्रशिक्षणाची गरज कोणाला?' तिथे मी आमच्या ऑफिसचं नाव लिहिलं.